किनाऱ्याचा ताळेबंद

प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं लिहिणारा माणूस आणि बँकेत कर्जाचा अर्ज भरणारा माणूस हे एकाच आईचे दोन मुलगे असावेत, अशी माझी बऱ्याच वर्षांची समजूत आहे. दोघांचाही सूर आत्मविश्वासाचा असतो आणि दोघंही आपल्याजवळ काय काय आहे ते भरभरून सांगतात. ‘राहतं घर, गावी हापूसची सत्तर कलमं, पत्नीच्या अंगावरचे दागिने’ इथपर्यंत पेन कसं उतारावरच्या सायकलीसारखं धावतं. ‘देणी’ हा रकाना आला की मात्र त्यातली शाई एकाएकी वाळते आणि तिथे एक आडवी रेघ येते. त्या सत्तर कलमांवर तीन भावांनी दावे लावलेले आहेत आणि अंगावरचे दागिने दुसऱ्या बँकेच्या तिजोरीत आधीच विश्रांती घेताहेत, हे आपण शोधून काढायचं. त्याचाच आम्हांला पगार मिळतो.

मी बी.कॉम. आहे. तेव्हा पुस्तकांवर मत देण्याचा मला काय अधिकार, असं कुणाला वाटेल. त्यांना एवढंच सांगतो, की ताळेबंद हासुद्धा एक साहित्यप्रकारच आहे. त्यालाही कल्पनाशक्ती लागते. फक्त ती जास्त झाली तर शिक्षा होते. साहित्यात पारितोषिक मिळतं. एवढा किरकोळ फरक सोडला तर दोन्हीकडे वाचायची पद्धत एकच : काय लिहिलंय ते वाचायचं आणि काय लिहिलेलं नाही ते मोजायचं. आज मी जी पुस्तकं तपासायला घेतली आहेत, ती कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची आहेत.

आता कॅरिबियन म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला समुद्र आठवत नाही, क्रिकेट आठवतं. १९७१ साली सुनील गावसकरांनी तिथे चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या, तेव्हापासून पोर्ट ऑफ स्पेन आणि ब्रिजटाउन ही गावं आमच्या वडिलांच्या पिढीला मनमाड-चाळीसगावइतकी घरची झाली. माझ्या जन्माआधीचे ते सामने मी वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेत, की मी ते पाहिलेत अशी शपथ घेऊ शकेन. पण त्याच समुद्राच्या दक्षिणेच्या काठावर, पनामाला लागून, कोलंबियाचा किनारा आहे. तिथे बॅटने खेळतात ते बेसबॉल. त्यामुळे कार्ताहेना, बारांकिया, सिएनागा, सांता मार्ता ही नावं आमच्या घरच्या रेडिओने कधी घेतलीच नाहीत.

मी तिथे गेलेलो नाही. बँकेची रजा-प्रवास सवलत कन्याकुमारीला संपते. त्यापुढे समुद्र आहे याची बँकेला कल्पना आहे. पण आमच्या हेडकॅशियरांचे जावई ह्यूस्टनला असतात. ते जोडीने त्या किनाऱ्यावर फिरून आले आणि इकडे आले तेव्हा चार जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं आणि तीन कादंबऱ्या सासऱ्यांच्या घरी ठेवून गेले. शाखेत मी ‘वाचणारा’ म्हणून बदनाम आहे. हेडकॅशियर म्हणाले, “घ्या हो, तुम्हांलाच उपयोग. आमच्या घरी ही पुस्तकं उशाला घ्यायच्या उंचीचीसुद्धा नाहीत.”

चारही मार्गदर्शक पुस्तकं मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. प्रकाशक वेगळे, लेखक वेगळे, पण विशेषणं एकाच कारखान्यातली. गल्ली आली की ती ‘मोहक’. सज्जा आला की त्यावरून बोगनवेल ‘ओसंडत’ असते. तिकडे बोगनवेल नुसती उगवतच नाही, ओसंडतेच. ‘मोहक’ हा शब्द किती वेळा आलाय ते मोजायला बसलो होतो. पण ते काम नोटा मोजायच्या यंत्राचं आहे हे लक्षात आल्यावर सोडून दिलं.

कार्ताहेनापासून सुरुवात करू. इंग्रजीत लिहिताना ‘जी’ लिहायचा आणि म्हणताना ‘ह’ म्हणायचं, अशी तिथली रीत आहे. शहर १५३३ साली वसलं. भोवती सुमारे अकरा किलोमीटरची दगडी तटबंदी. १९८४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पुस्तकं इथे रंगात येतात. १५८६ साली इंग्रजांच्या फ्रान्सिस ड्रेकने हे शहर काबीज केलं आणि १,०७,००० डुकाट खंडणी घेऊन मगच सोडलं. १७४१ साली ॲडमिरल व्हर्नन प्रचंड आरमार घेऊन आला. समोर लढायला ब्लास दे लेसो नावाचा स्पॅनिश सेनानी : एक पाय नाही, एक डोळा गेलेला, एक हात निकामी. शरीराच्या एकूण मालमत्तेवर भरपूर घसारा काढलेला हा माणूस जिंकला. पण तोवर इंग्लंडात व्हर्ननच्या विजयाची पदकं पाडूनसुद्धा झाली होती आणि त्या पदकांवर लेसो गुडघे टेकून बसलेला दाखवला होता. न वसूल झालेलं व्याज उत्पन्नात धरू नये, हा नियम आम्हांला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात. व्हर्ननच्या चाहत्यांना तो कुणी शिकवला नव्हता.

इथवर मार्गदर्शक पुस्तकांचं वाचन मजेचं आहे, त्यात शंका नाही. प्रश्न पुढे येतो. एवढी जाडजूड भिंत लोक कशाभोवती बांधतात? तिजोरी जाड असली की आत काय आहे ते विचारायचं, ही आमची सवय. आत होती दक्षिण अमेरिकेची चांदी-सोनं, आणि माणसं. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या व्यापाराचं स्पॅनिश साम्राज्यातलं हे एक प्रमुख बंदर होतं. ती मोहक तटबंदी उभारायलाही तेच हात लागले.

शहरात शिरायच्या दरवाज्यावर एक पिवळं घड्याळाचं मनोरं आहे. आत गेलं की तिकोनी चौक लागतो. आज त्याचं नाव ‘प्लासा दे लोस कोचेस’ म्हणजे गाड्यांचा चौक. त्या चौकाच्या एका बाजूला कमानींची ओळ आहे, तिचं नाव ‘पोर्ताल दे लोस दुल्सेस’, म्हणजे मिठाईची गल्ली म्हणा. काचेच्या मोठाल्या बरण्यांतून खोबऱ्याच्या वड्या, दुधाचे, चिंचेचे, पपईचे गोड प्रकार मांडलेले असतात. चारही पुस्तकांत या बरण्यांचा रंगीत फोटो आहे. आणि हाच चौक एकेकाळी गुलामांच्या विक्रीचा बाजार होता.

हे पुस्तकांनी लपवलंय असं मी म्हणणार नाही. दोन पुस्तकांत ते आहे. एका ओळीत. पुढच्या ओळीत रात्री थंड पेय कुठे चांगलं मिळतं ते आहे. ताळेबंद वाचणाऱ्याला ही युक्ती नवी नाही. कंपनीवर कोट्यवधींचा दावा पडलेला असतो. तो दडवला तर कायदा धरतो. म्हणून तो शेवटच्या पानावर, टिपा या सदराखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापतात. सांगितलं तर आहे, आणि वाचणार तर कुणी नाही. या पुस्तकांत कार्ताहेनाचा सगळा इतिहास ‘टिपा’ झाला आहे आणि मिठाई मात्र मुख्य पानावर आहे.

चौकाच्या आसपास आणखी एक फोटो काढायची जागा पुस्तकं सांगतात. पिवळ्या-निळ्या-लाल झग्यातल्या, डोक्यावर फळांचं घमेलं तोललेल्या कृष्णवर्णी बायका. पुस्तकांत त्यांचा उल्लेख ‘शहराचा रंग’ असा येतो. सूचना अशी, की फोटो काढण्यापूर्वी पैसे ठरवून घ्या. या बायकांना ‘पालेंकेरा’ म्हणतात, कारण त्यांचं गाव सान बासिलिओ दे पालेंके. कार्ताहेनाहून सुमारे पन्नास किलोमीटर आत. गुलामीतून पळालेल्या लोकांनी रानात कुंपणं घालून वसवलेलं हे गाव. त्यांचा पुढारी बेंकोस बिओहो याला १६२१ साली कार्ताहेनात फाशी दिलं. पण गाव टिकलं. इतकं टिकलं, की आफ्रिकेतल्या किकोंगोसारख्या भाषांचे शब्द मिसळलेली त्यांची स्वतःची बोली आजही तिथे आहे आणि २००५ साली युनेस्कोने त्या गावाच्या संस्कृतीचा गौरव केला. म्हणजे जी बाई पुस्तकात ‘रंग’ आहे, तिच्या मागे चारशे वर्षांचं एक स्वतंत्र खातं आहे. पुस्तकाने ते उघडून पाहिलेलं नाही.

या बायका एक लाडू विकतात. भरडधान्याच्या लाह्या, खोबरं आणि गूळ. आपल्या राजगिऱ्याच्या लाडवाचा सख्खा मावसभाऊच. त्याचं नाव ‘आलेग्रीया’, म्हणजे आनंद. ज्या चौकात यांच्या पूर्वजांना विकलं, त्याच्या आसपास त्या आज आनंद विकतात. एवढं वाक्य कुठल्याही पुस्तकाला सुचायला हरकत नव्हती. ते विशेषण मागत नाही, जागाही फारशी खात नाही.

जाता जाता बँकेच्या माणसाला न राहवणारा एक तपशील. कोलंबियात गुलामी रद्द करणारा कायदा १८५१ साली झाला आणि १ जानेवारी १८५२ पासून लागू झाला. त्यात नुकसानभरपाईची सोय होती. ती मिळायची होती मालकांना! ज्याने आयुष्यभर राबून दिलं त्याच्या खात्यावर शून्य. ज्याने राबवून घेतलं त्याला रोखे. मी बऱ्याच विचित्र नोंदी पाहिल्या आहेत, पण इतकी उलटी नोंद पाहिलेली नाही.

खाण्याकडे वळू, म्हणजे वातावरण जरा निवळेल. त्या किनाऱ्याचा मुख्य पदार्थ म्हणजे नारळीभात. होय, नारळीभातच. तिकडे त्याला ‘आर्रोस कोन कोको’ म्हणतात. नारळाचं दूध कढईत आटवत आटवत नेतात. तेल सुटतं आणि तळाशी, तूप कढवल्यावर राहते तशी तपकिरी बेरी राहते. तिला ‘तितोते’ म्हणतात. मग तीत तांदूळ परतून शिजवायचे. थोडी साखर किंवा गूळ, कुठे कुठे बेदाणे. इथपर्यंत मी वाचून दाखवत होतो तोवर सौभाग्यवती मान डोलावत होत्या. पुढे वाचलं, “आणि हा भात तळलेल्या मासळीबरोबर वाढतात.” त्यांची मान थांबली. “अहो, माझ्या आईसमोर हे वाक्य पुन्हा उच्चारू नका,” एवढंच त्या म्हणाल्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि त्याच पानात समुद्राने मासा परत करायचा, यात मला तरी हिशेब चोख वाटला. पण घरात मी तपासनीस नाही, खातेदार आहे.

पुस्तकं या भाताला ‘अस्सल स्थानिक चव’ म्हणतात. आता अस्सल स्थानिक म्हणजे काय ते पाहू. २०११ साली शास्त्रज्ञांनी नारळाच्या वंशावळीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं निघालं, की अटलांटिकच्या बाजूचे नारळ हे हिंदी महासागराच्या बाजूच्या घराण्यातले आहेत. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते तिकडे पोचले. केळी आशियाची, आंबा आपला, आणि ऊस पिळून गूळ करायची विद्याही आपल्याच बाजूची. म्हणजे त्या ताटातली निम्मी मंडळी इकडची पाहुणी. पण छाती फुगवायच्या आधी आपल्या ताटात बघावं. एकादशीला आपण खातो तो साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा आणि मिरचीसुद्धा अमेरिका खंडाचीच. आपला उपवास म्हणजे पंचांग इथलं आणि शिधा तिथला. त्याच कंदाच्या उकडलेल्या लगद्यात खिमा किंवा चीज भरून ते लोक ‘कारिमान्योला’ नावाचा वडा तळतात आणि कुठल्याही वारी खातात. आम्ही याला उलटसुलट नोंद म्हणतो : इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, बाकी शून्य.

किनाऱ्याच्या ताटात आणखीही खातेदार आहेत. मक्याच्या पिठाची पुरी तळायची, तिचं पोट उघडून आत अंडं फोडायचं आणि पुन्हा तळायची. ही ‘आरेपा दे वेवो’. एकदा तळून समाधान न होणारी जमात जगात आपण एकटेच नाही, हे वाचून बरं वाटलं. शिवाय रस्त्यावर ‘किब्बे’ मिळतात, गव्हाचा दलिया आणि खिम्याचे तळलेले गोळे. हे सीरिया-लेबनॉनकडून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेल्या व्यापाऱ्यांनी आणले. त्यांचे पासपोर्ट तुर्की साम्राज्याचे होते, म्हणून अरब असूनही सगळे त्यांना ‘तुर्क’ म्हणत. कागदावर एकदा चुकीचं नाव पडलं की ते तीन पिढ्या निघत नाही, याची आमच्याकडे शंभर पासबुकं साक्ष देतील.

आता त्या तीन कादंबऱ्या. लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ. जन्म १९२७, याच किनाऱ्याच्या आराकाताका गावचा. १९८२ सालचं नोबेल. २०१४ साली मेक्सिकोत वारला आणि २०१६ साली त्याच्या अस्थी कार्ताहेनात आणून ठेवल्या. चारही मार्गदर्शक पुस्तकं त्याला जमेच्या बाजूला धरतात : समुद्र, सूर्य, तटबंदी, मार्केझ. ‘जादूई वास्तववादाच्या भूमीत या!’ हे नुसतं पुस्तकांचंच नाही. २०१३ साली कोलंबियाच्या पर्यटन खात्याने देशाची जाहिरात याच शब्दांत केली, की कोलंबिया म्हणजे जादूई वास्तव.

माझं म्हणणं असं, की या ‘जादू’ शब्दाने त्या माणसाचं वाटोळं केलं आहे. मी त्याच्या कादंबऱ्या मार्गदर्शक पुस्तक म्हणून वाचल्या. खाणं, गावं, प्रवास, हवामान, सगळं नोंदवहीत उतरवून. मला तर तो त्या किनाऱ्याचा सर्वांत काटेकोर कारकून वाटला. गाव कशावर जगतं, पैसा कुठून येतो, कुणाच्या हातून कुणाच्या खिशात जातो, हे तो कधी सांगायचं सोडत नाही. मार्गदर्शक पुस्तक ज्यावर आडवी रेघ मारतं, तिथून त्याची गोष्ट सुरू होते.

प्रवासाचंच पाहा. माग्दालेना ही तिथली मोठी नदी बारांकियाजवळ समुद्राला मिळते. रस्ते आणि विमानं येईपर्यंत किनाऱ्यावरून राजधानीकडे जायचं म्हणजे या नदीतून चाकांच्या आगबोटीने दिवसच्या दिवस. मार्केझ स्वतः १९४३ साली शाळेसाठी असाच गेला. मार्गदर्शक पुस्तकं या आगबोटींबद्दल हळवी होतात : काय तो काळ, काय त्या रात्री! मार्केझही हळवा होतो. पण १९८५ सालच्या ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ या कादंबरीत त्या बोटी काय जाळत होत्या तेही लिहितो. लाकूड. बोटींच्या भट्ट्यांनी काठची जंगलं खाल्ली, सावली गेली, प्राणी गेले आणि शेवटी बोटींना जाळायलाच काही उरेना. प्रेमकथा चालू असताना लाकडाचा हिशेब ठेवणारा दुसरा कादंबरीकार मला माहीत नाही.

त्याच नदीवर मोम्पोस हे गाव आहे. एकेकाळी नदीवरच्या मालाची पेठ, सोन्याचांदीच्या तारकामाची ख्याती. पुढे एकोणिसाव्या शतकात नदीचा मुख्य प्रवाह दुसऱ्या फाट्याने वाहायला लागला. म्हणजे मोठ्या खातेदाराने रातोरात खातं दुसऱ्या शाखेत वळवावं तसं झालं. गाव जागच्या जागी थांबलं. १९९५ साली युनेस्कोने तेही यादीत घेतलं. पुस्तकं म्हणतात, ‘काळ इथे थांबला आहे.’ काळ कुठेही थांबत नाही, धंदा थांबतो. ज्याचा धंदा थांबतो त्याला तो फरक कळतो.

आणि आता शेवटचा, म्हणजे सर्वांत अवघड रकाना. बारांकियाहून सांता मार्ताला जाताना वाटेत सिएनागा हे गाव लागतं. तीन पुस्तकांत ते ‘वाटेत’ एवढंच आहे. चौथ्यात बस बदलायची सोय सांगितली आहे. तिथून आत आराकाताकापर्यंत केळीच्या बागांचा मुलूख. मार्केझच्या कादंबरीतलं माकोंदो हे गावाचं नावही त्याने लहानपणी आगगाडीच्या खिडकीतून एका केळीच्या बागेच्या पाटीवर वाचलेलं. २००६ साली आराकाताकाच्या नावाला ‘माकोंदो’ जोडावं का, यावर गावात मतदान घेतलं. पुरेसे लोक मत द्यायलाच आले नाहीत. कादंबरीत राहायची हौस वाचकांना असते. गावकऱ्यांना पाण्याचा नळ आधी लागतो.

या बागा युनायटेड फ्रूट कंपनीच्या ताब्यात होत्या. नोव्हेंबर १९२८ मध्ये मजुरांनी संप केला. मागण्या नऊ. सहा दिवसांचा आठवडा, अपघाताची भरपाई, कंपनीने आपल्याला आपले नोकर मानावं, आणि मजुरी रोख द्यावी. रोख द्यावी, कारण कंपनी कुपनं द्यायची आणि ती कंपनीच्याच दुकानात चालायची. माझी नोकरी चलनाची आहे, म्हणून सांगतो : जो कागद एकाच दुकानात वटतो त्याला पैसा म्हणत नाहीत, दोरी म्हणतात. ५ डिसेंबरची रात्र संपून ६ तारीख उजाडताना सिएनागाच्या स्टेशनजवळच्या चौकात जमलेल्या मजुरांवर, त्यांच्या बायकामुलांवर, सैन्याने गोळ्या झाडल्या.

किती गेले? सरकारी आकडा आला नऊ. मागण्या नऊ, प्रेतं नऊ. इतका सुबक ताळा पाहिला की तपासनिसाच्या कपाळाला आठी पडते. हुकूम देणाऱ्या जनरल कोर्तेस वार्गासने पुढे स्वतःच सत्तेचाळीस लिहिले. जानेवारी १९२९ मध्ये अमेरिकेच्या वकिलातीने आपल्या सरकारला कळवलं, की कंपनीच्या प्रतिनिधीच्या सांगण्याप्रमाणे संख्या हजारावर आहे. आणि १९६७ साली ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीत मार्केझने लिहिलं : तीन हजारांवर. प्रेतांनी भरलेली लांबलचक आगगाडी रात्री समुद्राकडे जाते आणि वाचलेला एकजण परत येऊन सांगू लागतो, तर सगळे म्हणतात, इथे काही झालंच नाही.

मार्केझने पुढे सरळ सांगितलं, की त्याला मिळालेला आकडा पुस्तकाच्या मापाला पुरेना, म्हणून त्याने तीन हजार घेतला. आणि २००२ सालच्या आत्मचरित्रात तो लिहितो, की एका स्मृतिदिनी कोलंबियाच्या सिनेटमध्ये वक्त्याने तीन हजार हुतात्म्यांसाठी मौन पाळायला सांगितलं. कादंबरीतली नोंद सरकारी वहीत चढली!

हे मी हेडकॅशियरांना सांगितलं. तीस वर्षं रोकड सांभाळलेला माणूस, ते ताडकन म्हणाले, “म्हणजे खोटी एंट्री केली म्हणा की हो त्याने!”

मला हा आक्षेप उडवून लावता येत नाही. मार्केझवर माझीही तक्रार आहेच. गोल आकडा वाईट. त्याने नाकारणाऱ्याच्या हातात कोलीत मिळतं : तीन हजार नव्हते ना, मग काहीच नव्हतं. शिवाय तीन हजार म्हटलं की डोळ्यांपुढे गर्दी येते, माणूस येत नाही. ज्या लेखकाने एकेका कुपनाचा हिशेब ठेवला, त्याने इथे मोजणं सोडून ओतणं पत्करलं.

पण खोटी एंट्री? नाही. बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. एखादी रक्कम आहे हे नक्की. पण कुणाची, किती, कशापोटी, हे कळत नाही. ती फेकून देता येत नाही आणि कुणाच्या खात्यात टाकताही येत नाही. म्हणून ती तिथे ठेवतात, खरी नोंद सापडेपर्यंत. मार्केझचे तीन हजार हे त्या किनाऱ्याचं सस्पेन्स खातं आहे. खरी संख्या नाही, कारण मोजायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी नऊवर वही मिटली. संध्याकाळी गल्ल्यात पाच रुपये कमी आले तरी आमची अख्खी शाखा घरी जात नाही. टेबलाखाली, डस्टबिनमध्ये, एकमेकांच्या खिशांकडेसुद्धा बघून होतं. तिथे माणसं कमी भरली, आणि सगळे वेळेवर घरी गेले. हेडकॅशियरांना मी हे एवढंच म्हणालो. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “पाच रुपयांसाठी मी एकदा रात्री साडेनऊपर्यंत बसलोय.” माझ्या मते हे त्या कादंबरीचं रसग्रहण झालं.

म्हणून दोन्ही पुस्तकं समोर ठेवून माझा तपासणी-अहवाल असा. कादंबरीकाराचा एक आकडा संशयास्पद, पण वही उघडी ठेवली आहे. मार्गदर्शक पुस्तकांचे सगळे आकडे बरोबर, तटबंदीची लांबी, बसचं भाडं, माशाची किंमत. फक्त वही अर्धीच लिहिली आहे. आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. पानच नसलं तर दुरुस्ती कशावर करायची?

तुमचे जावई किंवा चिरंजीव तिकडे निघाले तर त्यांनी त्या कमानींखाली खोबऱ्याच्या वड्या जरूर घ्याव्यात. त्या गोडच लागतील; चौकाचा इतिहास कळला म्हणून खोबरं कडू होत नाही. लाडू विकणारीला फोटोचे पैसे देताना तिच्या गावाचं नाव विचारावं. आणि सिएनागाला बस बदलायला उतरलात, तर पुढची बस येईपर्यंत स्टेशनच्या चौकापर्यंत चालत जाऊन यावं. आपल्या जुन्या वह्यांत डाव्या बाजूला ‘जमा’ लिहीत आणि उजव्या बाजूला ‘नावे’. पैसा कुणाकडून येणं आहे ते त्या बाजूला कळायचं. ती बाजू भरायची म्हणजे माणसांची नावं लिहावी लागतात. नुसत्या विशेषणांवर भागत नाही.